रस्ता आधी मोजला, मग मागितला

(सामुदायिक रेडिओवर महिलांच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)

धारा काढून झाल्या असतील, चुलीवरची शेवटची भाकरी उतरली असेल. आपला कार्यक्रम याच वेळेला लागतो, म्हणून फार पाल्हाळ लावत नाही. आम्ही कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यातल्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया. माईकसमोर एकजण बसली आहे, पण बोलणं सगळ्यांचं आहे. काय सांगायचं, काय सांगायचं नाही, हे मागच्या शनिवारी गटाच्या बैठकीत ठरवून आलोय. विषय आहे आमच्या गावातला रस्ता, त्यावरची कोंडी आणि तो रुंद करायला सरकारकडून पैसे कसे मागितले ते.

आधी रस्ता कसा आहे ते सांगतो. हमरस्त्यावरून फाटा फुटतो, तो गावठाणातून जातो आणि पुढं साखर कारखान्याकडं निघतो. गावठाणात डांबराची पट्टी जेमतेम बारा फुटांची. दोन्ही अंगाला घरं, घरांना पायऱ्या, पायऱ्यांना लागून उघडी गटारं. मधे विजेचे खांब. शुक्रवारी त्याच रस्त्यावर आठवडी बाजार. दिवाळी झाली की ऊसतोड सुरू होते आणि होळी-पाडव्यापर्यंत या बारा फुटांतून काय काय जातं बघा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, उसानं लादलेल्या बैलगाड्या, एसटी, दुधाचा टेम्पो, शाळेची पोरं, दळणाला निघालेल्या आम्ही. समोरून एसटी आणि इकडून ट्रॉली आली की दोघांनाही मागं सरता येत नाही, कारण मागं आणखी दहा गाड्या लागलेल्या असतात. तासतासभर कोणी हलत नाही.

हे आम्ही वर्षानुवर्षं बघत होतो. सवय झाली होती. "सीझन आहे, चालायचंच," असं आम्हीच म्हणायचो.

तीन वर्षांमागं जानेवारीत एका रात्री गटातल्या एकीच्या सुनेला कळा सुरू झाल्या. 108 ला फोन केला. गाडी वेळेत आलीसुद्धा. पण आली ती फाट्यापर्यंत. चौकात एका ट्रॅक्टरचा ट्रॉलीचा पिन मोडला होता, ट्रॉली आडवी झाली होती, दोन्ही बाजूंनी रांग लागलेली. डॉक्टर चालत आले, पण पोरीला त्यांच्यापर्यंत न्यायचं कसं? शेवटी बाज काढली. पुढं दोघी, मागं दोघी, मधे कंदिलासारखा मोबाइल धरून एकजण, अशा आम्ही तिला ट्रॅक्टरांच्या कडेकडेनं, गटाराच्या काठानं घेऊन गेलो. एके ठिकाणी वाटच नव्हती. तिथं बैलगाडीवाल्यानं बैल सोडले, जू खाली टेकवलं आणि बाज त्यावरून पलीकडं घेतली. त्या गाडीवरची ऊसतोडीला आलेली बीडकडची बाई आपल्या अंगावरची चादर पोरीवर टाकून गेली. तिचं नावही आम्ही विचारलं नाही.

बाळ रुग्णवाहिकेतच झालं. मुलगी. दोघी सुखरूप आहेत. पण त्या रात्री परत येताना आमच्यातली कोणीच बोलत नव्हती. आणखी पाव तास गेला असता तर काय, हे सगळ्यांच्या मनात होतं.

पुढची ग्रामसभा 26 जानेवारीची होती. आपल्यापैकी पुष्कळजणींना माहीत नसतं, म्हणून सांगतो. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची, असं महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. ती आपली हक्काची सभा. आमच्या गावात ती बहुतेक वेळा कागदावरच व्हायची, वही घरी यायची आणि आम्ही सह्या करायचो. त्या वर्षी आम्ही पंचायतीत जाऊन बसलो. सरपंचताईंना म्हणालो, "आज सभा खरी घ्या." ठराव केला की गावातला रस्ता रुंद करावा. ग्रामसेवकांनी लिहिला. आम्हाला वाटलं, झालं काम.

तो ठराव घेऊन आम्ही तालुक्याच्या एका कचेरीत गेलो. तिथं सांगितलं, "हा रस्ता आमच्याकडं नाही." दुसरीकडं गेलो. तिथं कागद ठेवून घेतला. पावसाळ्यात उत्तर आलं की या रस्त्यावरची वाहतूक पाहता रुंदीकरणाची आवश्यकता दिसत नाही. उत्तर वाचून आमच्यातली एक काकू म्हणाली, "म्हणजे आम्ही काय सपान बघितलं व्हय गं?"

आम्ही चिडलो, पण चुकलो कुठं ते कळत नव्हतं. ते समजावून सांगितलं गावच्या एका जावईबापूंनी. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. पंचमीच्या सणाला लेकीला घेऊन आले होते. त्यांनी आमचा ठराव वाचला आणि हसले. म्हणाले, "अहो ताई, 'गावातला रस्ता' असा रस्ता सरकारच्या दप्तरात नसतोच. त्याला नंबर असतो, दर्जा असतो, मालक असतो. आधी तो शोधा."

तर मैत्रिणींनो, पहिली गोष्ट ही की रस्ता कोणाचा आहे ते शोधायचं. सोप्या शब्दांत सांगतो. राष्ट्रीय महामार्ग, मग राज्यमार्ग, मग प्रमुख जिल्हा मार्ग, मग इतर जिल्हा मार्ग, मग ग्रामीण मार्ग अशी उतरंड असते. आपल्या राज्यात राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग साधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभाग बघतो. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग बघतो. गल्लीबोळ ग्रामपंचायतीचे. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्यमार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक योजनेतला रस्ता. दगडावरून नाही कळलं तर तालुक्याच्या बांधकाम उपविभागात जाऊन रस्त्याचा क्रमांक आणि दर्जा विचारायचा. नुसतं तोंडी सांगत असतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा. त्याला 10 रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तीही नाही, आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आमचा रस्ता निघाला प्रमुख जिल्हा मार्ग. म्हणजे जिथं आम्हाला "आमच्याकडं नाही" म्हणाले ते खरंच बोलले होते. आम्हीच चुकीच्या दारात उभं होतो.

दुसरी गोष्ट वाहतुकीची. उत्तरात 'वाहतूक पाहता' असं लिहिलं होतं. आम्ही माहिती मागवली की वाहतूक कधी पाहिली? कागद आला. मोजणी झाली होती पावसाळ्यात. पावसाळ्यात आमच्या रस्त्यावर काय असतं? कारखाना बंद, ऊस रानात उभा. चिटपाखरू नसतं.

जावईबापूंनी सांगितलं की रस्त्याचे मापदंड ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस नावाची एक संस्था आहे, 1934 पासूनची. तिच्या नियमाप्रमाणं ग्रामीण रस्त्यावरची वाहतूक वर्षातून दोनदा मोजायची असते. एकदा सुगीच्या, माल बाजारात जाण्याच्या दिवसांत आणि एकदा मंदीच्या दिवसांत. दर वेळी सलग सात दिवस, रात्रंदिवस. सुगीच्या दिवसांत मोजायचं असतं, हे ऐकल्यावर आम्हाला आमचं काम कळलं.

पुढच्या जानेवारीत आम्ही मोजायला बसलो. पिठाच्या गिरणीचा कट्टा चौकातच आहे. शाळेच्या वहीत रकाने आखले: दुचाकी, जीप-मोटार, टेम्पो, एसटी-ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली, बैलगाडी. गाडी गेली की एक रेघ, पाचवी रेघ आडवी. दोघी-दोघींच्या पाळ्या लावल्या. दिवसा ज्यांची कामं हलकी त्या बसल्या. रात्री बारा ते चारची पाळी कोणी घ्यायला तयार नव्हतं. तेव्हा म्हाताऱ्या आक्का म्हणाल्या, "तशीबी झोप येत न्हाई. शेकोटी पेटवा, आमी बसतो." पोरं शेकोटीला लाकडं आणून द्यायची. बापईमाणसं जाता-येता हसायची, "काय, टोलनाका टाकला काय?" तिसऱ्या दिवशी त्यातलेच दोघं सुट्टी टाकून आमच्या जेवणाच्या वेळेला येऊन बसले.

त्या सात रात्रींत आम्हाला आणखी एक गोष्ट दिसली. आपण कोंडीत अडकतो तेव्हा ऊसगाड्यांना शिव्या देतो. पण त्या गाड्यांवर बसलेल्या बाया पहाटे तीनला उठून फडात गेलेल्या असतात. कोंडीत दोन तास गेले की त्यांची खेप चुकते, कोपीवर ठेवलेली लेकरं उपाशी झोपतात. रस्ता आमचा अडला होता, तसा त्यांचाही अडला होता. म्हणून आमच्या अर्जात आम्ही त्यांचंही लिहिलं.

आता मोजलेल्या रेघांचं काय करायचं? इथं एक गंमत आहे, नीट ऐका. इंजिनिअर सगळ्या गाड्या सारख्या धरत नाहीत. एक मोटार म्हणजे एक धरतात. दुचाकी अर्धी. एसटी किंवा ट्रक म्हणजे तीन मोटारी. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर म्हणजे साडेचार मोटारी. आणि बैलगाडी? तब्बल आठ मोटारी. कारण ती हळू चालते आणि मागच्या सगळ्यांना हळू चालायला लावते. समजा एका दिवसात 200 ट्रॅक्टर-ट्रॉल्या गेल्या, तर त्या झाल्या 900 मोटारी. 100 बैलगाड्या म्हणजे 800. 1000 दुचाकी म्हणजे 500. डोकी मोजली तर गाड्या 1300, पण रस्त्यावर भार 2200 मोटारींचा. आणि एकपदरी रस्ता, म्हणजे पावणेचार मीटरचा, दिवसाला साधारण 2000 मोटारींचाच भार पेलतो असं धरतात. साडेपाच मीटरचा केला तर 6000 पर्यंत. सात मीटरचा दुपदरी केला तर 15000 पर्यंत.

आमच्या वहीतला हिशेब दोन हजारांच्या कितीतरी पुढं गेला. मग आम्ही 'रस्ता रुंद करा' असं लिहिणं बंद केलं. लिहिलं की प्रमुख जिल्हा मार्ग क्रमांक अमुक, गावठाणातली एवढ्या ते एवढ्या मीटरची लांबी, हंगामातली सात दिवसांची मोजणी सोबत जोडली आहे, आपल्या विभागानं हंगामात स्वतः फेरमोजणी करावी. आमची मोजणी ही सरकारी मोजणी नव्हे, हे आम्हाला माहीत होतं. पण तिच्यामुळं त्यांना हंगामात यावं लागलं. फेब्रुवारीत त्यांची माणसं आली, आमच्याच कट्ट्यावर बसली, आमचाच चहा प्यायली.

आता वाटलं, पैसे आलेच. पण साहेबांनी विचारलं, "ताई, भार मान्य आहे. पण रुंद करायला जागा कुठं आहे? गावठाणात रस्त्याच्या हद्दीत घरं आली आहेत. निधी मंजूर झाला आणि गावानं टेप धरू दिली नाही, तर पैसे परत जातात. आधी गावाचं ठरवून या."

मैत्रिणींनो, इथं खरी परीक्षा झाली. सरकारकडं बोट दाखवणं सोपं होतं. आता बोट आपल्याकडं वळलं.

भूमी अभिलेखची मोजणी आणली. हद्दीच्या खुणा पडल्या. पहिली खूण पडली ती आमच्याच गटाच्या पापडाच्या शेडमधे. दोन फूट आत. कोणाच्या पायऱ्या, कोणाची न्हाणी, कोणाचा शेणीचा हुडवा. शुक्रवारच्या बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्यांतल्या अर्ध्या बाया आमच्या गटातल्या, त्या तर थेट डांबराच्या कडेलाच बसायच्या. आणि चौकात गावातल्या एका वजनदार घराचे दुकानाचे गाळे, ते चार फूट पुढं.

त्या चौकात एका विधवा ताईची चहाची टपरी होती. तिला पंचायतीची नोटीस पहिल्या आठवड्यात आली. गाळेवाल्यांना आली नाही. ती बैठकीत आली आणि म्हणाली, "रस्ता व्हावा हे मलाबी वाटतं. त्या रात्री बाजेला माझाबी हात होता. पर रस्त्याची रुंदी माझ्याच पोटातनं काढणार काय?"

कोणाला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी बैठक अर्धवट उठली.

पुढच्या बैठकीत आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, आपलं शेड आपण आधी मागं घ्यायचं, कोणाची नोटीस यायच्या आत. ते आम्ही पंधरा दिवसांत केलं, पदरचे पैसे घालून. दुसरी, टेप सगळ्यांना एकच लागेल, आणि तसा महिला सभेचा ठराव करायचा. तिसरी, ज्यांचं पोट त्या जागेवर आहे त्यांना आधी दुसरी जागा, मग हटवणं. महिला सभेत ठराव झाला, ग्रामसभेत तो वाचून दाखवला. सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन बायांची नावं लागली. "एवढं कशाला ताणता?" असं मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं. सरपंचताईंनी मत घेतलं. त्या दिवशी सभेला बाया दोनशेच्या वर होत्या. ठराव झाला.

गाळ्यांचं मात्र लगेच झालं नाही. पाच महिने गेले. त्या घरची सून आमच्याच गटात आहे. तिची फार कुचंबणा झाली. बैठकीला येऊन गप्प बसायची. आम्ही तिला एका शब्दानं विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही. गणपतीनंतर एके दिवशी गवंडी लागले आणि गाळ्यांच्या पायऱ्या आणि पुढचा ओटा निघाला. शटर मागं गेलं. तिनं घरात काय सोसलं असेल ते तिचं तिला ठाऊक. आज हे बोलताना तिची आठवण ठेवायची, असं गटानं ठरवलंय.

बाजार ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत, शाळेच्या मागं गेला. टपरीवाल्या ताईलाही तिथंच जागा मिळाली. खरं सांगायचं तर तिचा धंदा अजून पहिल्यासारखा होत नाही. शुक्रवार सोडला तर तिकडं गिऱ्हाईक कमी. गटानं तिला बिनव्याजी रक्कम दिली, पण त्यानं चौकातला धंदा भरून येत नाही. नव्या एसटी थांब्याजवळ तिला जागा मिळावी म्हणून पंचायतीकडं अर्ज आहे. तो मंजूर होईस्तोवर आमचं काम पुरं झालं, असं आम्ही म्हणणार नाही.

आता पैशांचं. सरकारकडून रस्त्याला पैसे येतात त्याच्या वाटा वेगवेगळ्या असतात, आणि बाईमाणसाला कोणी त्या सांगत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाचा रस्ता असेल तर मुख्य वाट म्हणजे राज्याचा अर्थसंकल्प, जो मार्चमध्ये मांडला जातो. त्यात नाही बसलं तर अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, त्यात काम घालता येतं. जिल्हा परिषदेचा रस्ता असेल तर जिल्हा वार्षिक योजनेतून निधी मिळू शकतो. ती जिल्हा नियोजन समिती ठरवते आणि पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात. कागदावर 3054 आणि 5054 असे आकडे दिसतील, घाबरू नका. 3054 म्हणजे साधारणपणे देखभाल-दुरुस्तीचं खातं, 5054 म्हणजे नवं बांधकाम आणि सुधारणेचं. शिवाय आमदारांचा स्थानिक विकास निधी असतो. तो छोट्या कामाला, म्हणजे गटार, थांबा, काँक्रीटची गल्ली यांना उपयोगी पडतो. मोठं रुंदीकरण त्यात बसेल, अशी आशा धरू नये.

मार्चमध्ये अर्थसंकल्प आहे म्हणून फेब्रुवारीत अर्ज दिला तर उशीर झालेला असतो. आम्ही दिवाळीच्या आधीच आमदारांकडं आणि बांधकाम विभागाकडं एकाच वेळी कागद दिले. ठरावाची प्रत, मोजणीची प्रत, हद्दीचा नकाशा, अतिक्रमण निघाल्याचा पंचायतीचा दाखला आणि चार फोटो. प्रत्येक ठिकाणी पोच घेतली, शिक्का मारून. पोच नसेल तर कागद दिलाच नाही असं समजा.

अंदाजपत्रक होताना एका गोष्टीवर लक्ष ठेवा. नुसत्या डांबराचा अंदाज केला तर रस्ता रुंद होतो आणि विजेचा खांब मधेच राहतो. आमच्या शेजारच्या गावात तसंच झालंय, खांबाला लाल-पांढरे पट्टे मारून ठेवलेत. नाहीतर डांबर पडतं आणि सहा महिन्यांनी नळाची पाइपलाइन फुटली म्हणून तेच खोदतात. म्हणून खांब हलवणं, पाइपलाइन कडेला घेणं आणि दोन्ही बाजूंची झाकलेली गटारं हे सगळं अंदाजपत्रकातच घ्या, असं आम्ही लेखी मागितलं. गटारावर झाकण आलं की तेवढी पट्टी पोरांना चालायला मिळते.

मार्चच्या अर्थसंकल्पात आमचं काम आलं. गावात फटाके वाजले, फ्लेक्स लागले. फ्लेक्सवर आमचा कोणाचा फोटो नव्हता, त्याचं काही वाटलं नाही. पण अर्थसंकल्पात नाव येणं म्हणजे पैसे हातात येणं नव्हे, हे तेव्हा कळलं. आपल्या गटाच्या कर्जासारखंच आहे बघा. ठराव झाला म्हणून रक्कम मिळत नाही. अर्ज, मंजुरी, कागद, मग हप्ता. तसंच इथं प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. प्रत्येक पायरीवर काम महिनोन्‌महिने थांबू शकतं. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोघीजणी जायचो, तीच वही घेऊन. कुठल्या टेबलावर कागद आहे, ते लिहून आणायचो. ओरडलो नाही, मोर्चा काढला नाही. पण एकही सोमवार चुकवला नाही. पुढं पुढं तिथले शिपाई आम्हाला बघून म्हणायचे, "आला का सोमवार?"

पावसाळ्यात प्रशासकीय मान्यता मिळाली, दिवाळीनंतर काम सुरू झालं. आज काय स्थिती आहे? खांब हलले आहेत. एका बाजूचं गटार झालंय, दुसऱ्या बाजूचं चालू आहे. डांबर पाडव्याच्या आधी पडेल असं सांगतात. गटाराच्या खोदाईमुळं सध्याची कोंडी आधीपेक्षा जास्त आहे, हेही सांगून टाकतो. लोक आम्हाला बोलतात, आम्ही ऐकून घेतो.

गावाबाहेरून ऊसगाड्यांसाठी वळणरस्ता व्हावा ही आमची दुसरी मागणी होती. ती अजून कागदावरच आहे. त्याला शेतजमिनी लागतात, आणि भूसंपादन म्हटलं की ज्याची जमीन जाणार त्याचं म्हणणं ऐकावंच लागतं. त्यात आमच्यातल्याही तिघींच्या घरच्या जमिनी आहेत. ते भांडण नाही, पण त्याला वेळ लागणार. साडेपाच मीटरच्या रस्त्यानं आमचा श्वास मोकळा होईल, पण ऊस वाढला, गाड्या वाढल्या की पुन्हा वळणरस्त्याचाच विचार करावा लागेल.

तोवर बिनपैशाचीही दोन कामं केली. कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांना भेटून शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळेला अर्धा-अर्धा तास ऊसगाड्या गावाबाहेर थांबवायचं ठरलं. चिटबॉय तसं गाडीवानांना सांगतात. कधी पाळलं जातं, कधी नाही. आणि प्रत्येक ट्रॉलीला, बैलगाडीला मागं लाल रिफ्लेक्टर. ते गटानं पोरांना घेऊन लावले, गाड्या रांगेत उभ्या होत्या तेव्हाच.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गावात ऊस नसेल. कांद्याच्या मार्केटची कोंडी असेल, यात्रेची असेल, खडीच्या डंपरची असेल. रस्ता कोणाचा ते शोधा, त्याचा क्रमांक वहीत लिहा. गर्दीच्या हंगामात सात दिवस मोजा. महिला सभेत ठराव करा, इतिवृत्तात नीट लिहिलाय का ते वाचून बघा आणि सहीशिक्क्याची प्रत घरी आणा. पैसे मागायच्या आधी आपल्या दाराची पायरी किती पुढं आली आहे ते बघा, आणि गरिबाच्या टपरीला जी टेप लावता तीच मोठ्याच्या गाळ्यालाही लावा. काम सुरू झालं की कडेला फलक लागलाय का बघा, त्यावर रक्कम, ठेकेदार आणि दोषदायित्वाची मुदत असते. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो. त्याचा फोटो काढून ठेवा.

त्या रात्रीची मुलगी आता तीन वर्षांची झाली. या महिन्यात अंगणवाडीत जायला लागली. तिचं वय आणि आमच्या कागदाचं वय एकच. ती चालायला लागली तेव्हा कागद प्रशासकीय मान्यतेसाठी पडून होता, बोलायला लागली तेव्हा खांब हलले. रोज सकाळी ती आजीचं बोट धरून नव्या गटाराच्या झाकणावरून चालत जाते आणि ऊसगाड्या बाजूनं जातात. एवढंच तूर्त झालंय.

आमचा पुढचा सोमवार वळणरस्त्याच्या कागदाचा आहे. तुमच्या रस्त्याचं काय झालं ते कार्यक्रमाला पत्र पाठवून जरूर कळवा. कुठं अडलं तर वही घेऊन आम्ही यायला तयार आहोत. नमस्कार.